चेतापेशी तगते कशी?

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. आपण नुसते भिंतीकडे बघत बसलो तरी हा खर्च चालूच राहतो. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकाच कामावर जातो: चेतापेशीत शिरलेले सोडियम बाहेर काढायचे आणि बाहेर गेलेले पोटॅशियम परत आत ओढायचे. हे काम करणारा पंप डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

पंप ऊर्जा खर्चून आयनांना उलट दिशेने ढकलतो. आयन चॅनलचे काम याच्या विरुद्ध आहे. पेशीपटलात रुतलेले हे प्रथिन मधल्या छिद्रातून ठरावीक आयनांना वाट देते आणि आयन आपोआप जास्तीकडून कमीकडे वाहतात. विचार, स्मृती, हालचाल, वेदना हे सगळे या वाहण्यावर चालते. धोकाही त्यातच आहे. पेशीबाहेरचे कॅल्शियम आतल्या मोकळ्या कॅल्शियमच्या दहा हजार पटींहून जास्त असते. कोयनेच्या भिंतीआड पाणी तुंबलेले असावे तसे ते बाहेर दाटलेले असते; दरवाजे मोजके उघडले तर वीज मिळते, सगळे एकदम उघडले तर खालची गावे जातात. चेतापेशी जगते की मरते याचा निकाल बऱ्याच अंशी या दरवाज्यांवर लागतो, आणि गेली पन्नास-साठ वर्षे संशोधक त्याचाच हिशेब लावत आहेत. या हिशेबात काय जमले, काय चुकले आणि का चुकले, हे नीट पाहण्याची गरज आहे, कारण त्याच्या निकालावर लकव्याच्या लाखो रुग्णांचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे.

लकव्यात, म्हणजे पक्षाघातात, मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर काय होते ते आधी पाहू. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. ते २० च्या खाली गेले की चेतापेशींचे विद्युत संदेश थांबतात. पेशी गप्प होते, पण मरत नाही. प्रवाह १० च्या खाली उतरला की पंपच थकतो, पोटॅशियम बाहेर सांडते, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्याला आस्ट्रुप, सीस्यो आणि सायमन यांनी १९८१ मध्ये ग्रहणातल्या उपच्छायेचे नाव दिले. पक्षाघाताचे बहुतेक आधुनिक तातडीचे उपचार या उपच्छायेतल्या पेशी वाचवण्यासाठी आहेत. मोठी रक्तवाहिनी तुंबलेली राहिली, तर सरासरी मिनिटाला १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता.

उपच्छायेतली पेशी जिवंत राहते ती गप्प बसल्यामुळे. संदेश पाठवणे थांबवून ती आयनांची ये-जा कमी करते, पंपावरचा भार हलका होतो आणि उरलेल्या तुटपुंज्या ऊर्जेत ती तासन्‌तास तग धरते. दुर्दैवाने शेजारच्या मरत्या भागातून पोटॅशियम आणि ग्लुटामेट यांच्या लाटा तिच्यावर येऊन आदळतात. ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआँव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर सरकताना टिपलेली विध्रुवणाची लाट हीच. प्रत्येक लाटेनंतर पेशीला पुन्हा सगळे आयन जागच्या जागी लावावे लागतात, आणि कधीतरी तेवढी ताकद उरत नाही.

ग्लुटामेट हा मेंदूतला सर्वाधिक वापरला जाणारा उत्तेजक रेणू. तो विषारीही ठरू शकतो, हे पहिल्यांदा डोळ्यांत दिसले. १९५७ मध्ये ल्युकास आणि न्यूहाउस यांनी उंदरांना ग्लुटामेट टोचले, तेव्हा त्यांच्या दृष्टिपटलाचा आतला थर नष्ट झाला. बारा वर्षांनी सेंट लुईसच्या जॉन ओल्नी यांनी उंदराच्या पिलांच्या मेंदूतही तेच दाखवले आणि पेशी अतिउत्तेजनाने मरते, ही कल्पना मांडली. पुढची पंधरा वर्षे बहुतेकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९८३ आणि १९८४ ही या विषयातली सर्वांत भरगच्च वर्षे. १९८३ मध्ये स्टीव्हन रॉथमन यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींचा ऑक्सिजन तोडला; पेशी मेल्या. पण मॅग्नेशियम वाढवून पेशींमधली देवाणघेवाण आधी थांबवली, तेव्हा त्याच पेशी ऑक्सिजनविना तगल्या. म्हणजे ऑक्सिजनची टंचाई एकटी मारत नव्हती, टंचाईत चालू राहिलेला संवाद मारत होता. १९८४ मध्ये रॉजर सायमन, ब्रायन मेल्ड्रम आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात एनएमडीए नावाचा ग्लुटामेट ग्राही, म्हणजे ग्लुटामेट चिकटल्यावर उघडणारे एक चॅनल, अडवून रक्तटंचाईतल्या पेशी वाचवल्या. आणि पॅरिस व बेथेस्डा इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की या ग्राहीच्या छिद्रात एरवी मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. ग्लुटामेट येऊन चिकटला आणि पेशीपटलावरचा विद्युतदाब घसरला, या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तरच तो सुटतो आणि कॅल्शियम आत जाते.

निरोगी मेंदूत हीच दुहेरी अट शिकण्याचा पाया आहे. रक्त तुटल्यावर मात्र दोन्ही अटी सगळीकडे एकदम पुऱ्या होतात. पंप थकल्याने विद्युतदाब घसरतो. लंडनच्या डेव्हिड अॅटवेल यांच्या गटाने २००० मध्ये दाखवल्याप्रमाणे ग्लुटामेट गोळा करून आत नेणारी प्रथिने उलटी चालू लागतात आणि तो बाहेर ओततात. बूच निघते, कॅल्शियमचा लोंढा तंतुकणिकांना गुदमरवतो, प्रथिने चिरणारे एन्झाइम जागे होतात, नायट्रिक ऑक्साइड तयार होते. डेनिस चोई यांनी १९८० च्या दशकात पेशींच्या थाळ्यांवर ही साखळी इतकी स्पष्ट उलगडली की उपाय समोरच दिसू लागला: एनएमडीए ग्राही अडवा, मेंदू वाचेल.

औषध कंपन्यांनी यात भरपूर पैसा ओतला. सेल्फोटेलच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण औषध घेतलेल्यांत सुरुवातीचे मृत्यू जास्त दिसू लागले. अॅप्टिगॅनेलने फायदा दाखवला नाही, उलट अपायाची शंका आली. गॅव्हेस्टिनेल तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांत आजमावले, फरक शून्य. २००६ मध्ये व्हिक्टोरिया ओकॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी पक्षाघातासाठी प्रयोगांत आजमावलेल्या सगळ्या द्रव्यांची मोजदाद केली, ती १,०२६ भरली. रुग्णाच्या हाती त्यातले चेतापेशी वाचवणारे एकही औषध ठामपणे आले नव्हते.

हे का झाले, याची पहिली उत्तरे वेळेकडे बोट दाखवत होती. उंदराला औषध काही मिनिटांत मिळते, माणसाला सहा-सहा तासांनी. मात्रा वाढवली की रुग्णाला भास होतात, म्हणून ती अर्धवटच ठेवावी लागते. दोन्ही मुद्दे खरे आहेत. वेळेचा मुद्दा तपासण्यासाठी लॉस एंजेलिस परिसरात १,७०० रुग्णांची चाचणी झाली, तिच्यात रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम द्यायला सुरुवात केली गेली. निम्म्या रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून ४५ मिनिटांच्या आत ते मिळाले, एवढी चपळाई या क्षेत्रात आधी कुणी दाखवली नव्हती. २०१५ मध्ये निकाल आला, आणि फायदा नव्हता. मॅग्नेशियम रक्तातून मेंदूत सावकाश झिरपते हे लक्षात घेतले तरी 'उशीर झाला' एवढेच कारण पुरत नाही, असे माझे मत या चाचणीने पक्के केले. दोष कल्पनेतच कुठेतरी होता.

तो कुठे होता याचा सुगावा चाचण्या चालू असतानाच लागला होता. १९९९ मध्ये क्रिसांथी इकोनोमिडू, ओल्नी आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांचे एनएमडीए ग्राही काही तासच अडवले, तर त्यांच्या मेंदूत ठिकठिकाणी पेशी स्वतःहून मरू लागल्या. ज्या ओल्नींनी उत्तेजनाने पेशी मरते हे दाखवले, तेच आता उत्तेजन नसल्याने पेशी मरते हे दाखवत होते. प्रयोगशाळेत मेंदूच्या सेरेबेलम या भागातल्या बारीक चेतापेशी वाढवणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात ठाऊकच होते. या पेशी २५ मिलिमोलर पोटॅशियममध्ये ठेवल्या की त्या किंचित उत्तेजित राहून मजेत जगतात. पोटॅशियम ५ वर आणले की एक-दोन दिवसांत मरायला लागतात. कॅल्शियमचा एक मंद, सततचा प्रवाह पेशीला जगत राहायला सांगत असतो. अति झाले तर मरण, आणि अगदीच नसले तरीही मरण.

मग तोच आयन कधी तारतो आणि कधी मारतो? २००२ मध्ये जाइल्स हार्डिंगम आणि हिल्मार बाडिंग यांनी दिलेले उत्तर मला या सगळ्या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे वाटते. दोन पेशींच्या संधीवर, म्हणजे सिनॅप्समध्ये बसलेल्या एनएमडीए ग्राहींतून कॅल्शियम आले तर त्याचा निरोप केंद्रकापर्यंत जातो, क्रेब हे प्रथिन जागे होते आणि पेशीला टिकवणारी जनुके चालू होतात. सिनॅप्सच्या बाहेर, पेशीपटलावर इतरत्र बसलेल्या त्याच ग्राहींतून कॅल्शियम आले तर क्रेब बंद पडते आणि तंतुकणिका कोलमडतात. ग्राही तोच, आयनही तोच, फरक जागेचा. १९९० च्या दशकातली औषधे दोन्हीकडची छिद्रे सरसकट बंद करत होती. पक्षाघातानंतर पहिल्या काही तासांत बाहेरचे ग्राही मारत असतील, पण पुढच्या दिवसांत जखमी पेशीला सिनॅप्समधल्या ग्राहींचा आधार लागतो आणि औषध तोही काढून घेत होते.

या शोधाने पुढची वाट बदलली. २०२० मध्ये बाडिंग यांच्याच गटाने दाखवले की सिनॅप्सबाहेरचा एनएमडीए ग्राही ट्रिपएम४ नावाच्या दुसऱ्या चॅनलला चिकटून असतो आणि विषारीपणा या जोडीतून येतो. जोडी सोडवणारे छोटे रेणू दिले तर उंदरांत पेशी वाचल्या आणि ग्राहीचे नेहमीचे काम अबाधित राहिले. टोरोंटोच्या मायकेल टिमियान्स्की यांनी त्याआधीच असाच विचार करून नेरिनेटाइड घडवले होते. ते चॅनलला हात लावत नाही, चॅनल आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारा एन्झाइम यांची साखळी तोडते. २०२० च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही; गुठळी विरघळवणारे औषध न मिळालेल्यांत मात्र झाल्यासारखा दिसला, कारण त्या औषधामुळे नेरिनेटाइडचे तुकडे होतात. नंतर फक्त तशाच रुग्णांवर वेगळी चाचणी झाली, तिच्यातही आशा फळली नाही. निकाल वाईट असला तरी प्रश्न आता नेमका विचारला जातो आहे, ही प्रगती आहे.

इथवर सगळी चर्चा कॅल्शियमच्या वाटा अडवण्याची झाली. पेशीकडे स्वतःची बचावयंत्रणा असते का, हा प्रश्न संशोधकांनी उशिरा विचारला, आणि त्याचे उत्तर उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत पोहणाऱ्या रंगीत कासवाने दिले. हिवाळ्यात तळे गोठते, कासव तळाशी जाऊन बसते आणि ३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन महिन्यांहून अधिक काळ जवळपास ऑक्सिजनविना राहते. वसंतात वर येते तेव्हा मेंदू शाबूत असतो. १९८६ मध्ये पीटर हॉचाच्का यांनी कल्पना मांडली की अशा प्राण्यांची पेशी चॅनलच मंद करते: गळती कमी, म्हणून पंपाचे काम कमी, म्हणून ऊर्जा पुरते. नंतर लेस्ली बक यांच्या गटाने कासवाच्या मेंदूवर हे तपासले. ऑक्सिजन जाताच तंतुकणिका थोडेसे कॅल्शियम सोडतात, त्या इशाऱ्यावर एनएमडीए ग्राहींचा प्रवाह साधारण निम्मा होतो, आणि गॅबा हा शामक रेणू वाढून विद्युत संदेश थांबतात. कासवाची पेशी चॅनल पूर्ण बंद करत नाही, त्यांची गती उतरवते. आपल्या उपच्छायेतली पेशी घाईगर्दीत जे करू पाहते, तेच कासव शिस्तीत करते.

सस्तन प्राण्यांकडे याचा एक छोटा अंश आहे. पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, कमी झाली की उघडणारे पोटॅशियम चॅनल १९८३ मध्ये अकिनोरी नोमा यांनी हृदयाच्या पेशींत शोधले. पुढे ते चेतापेशींतही सापडले. पोटॅशियम बाहेर गेले की पेशी शांत होते. या चॅनलची जपानी संशोधकांनी २००१ मध्ये केलेली परीक्षा फार बोलकी आहे. साध्या उंदरांना सुमारे अडीच मिनिटे अत्यंत विरळ ऑक्सिजनमध्ये ठेवले तर ते सुस्त पडले आणि नंतर सावरले. ज्यांच्यात या चॅनलचे जनुक काढून टाकले होते, त्यांना त्याच वेळात झटके आले आणि ते मेले. मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या छोट्या भागातले हे चॅनल सगळ्या मेंदूला झटक्यांपासून आवरत होते. आनंदाच्या भरात सगळीकडे पोटॅशियम चॅनल उघडत सुटावे, असे मात्र नाही. चोई यांच्याच प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले की पोटॅशियम फार वेळ, फार प्रमाणात बाहेर गेले तर पेशी ठरवून मरण्याचा मार्ग धरते.

मधुमेहाच्या गोळ्यांमधली ग्लिबेनक्लॅमाइड आपल्याकडे घरोघरी ओळखीची. स्वादुपिंडात ती हेच एटीपीवर चालणारे पोटॅशियम चॅनल बंद करते आणि इन्सुलिन सुटते. वरचे वाचून वाटेल की पक्षाघातात ही गोळी घातक ठरावी. पण मेरीलँडच्या मार्क सिमार्ड यांनी २००६ मध्ये दाखवले की जखमी मेंदूच्या पेशींत या गोळीचा ग्राही ट्रिपएम४ सारख्या दुसऱ्याच चॅनलला जोडून नव्याने उगवतो, तिथून सोडियम आणि पाणी शिरते आणि मेंदू सुजतो. ग्लिबेनक्लॅमाइडने उंदरांत ही सूज उतरली. २०१६ च्या छोट्या चाचणीने उमेद वाढवली. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा रुग्णांच्या कामकाजाच्या क्षमतेत फरक दिसला नाही.

आम्लाने उघडणाऱ्या चॅनलची कथा याहून आशादायक आहे. ऑक्सिजन नसताना मेंदू साखर अर्धवट जाळतो, लॅक्टिक आम्ल साठते आणि भोवतालचा सामू ६.५ च्याही खाली जातो. २००४ मध्ये जिगांग शिओंग, रॉजर सायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हे आम्ल एएसआयसी१ए नावाचे चॅनल उघडते आणि त्यातून कॅल्शियम आत जाते. ग्लुटामेटचा या वाटेशी संबंध नाही. एनएमडीए अडवूनही पेशी का मरत होत्या, याचे एक उत्तर इथे मिळाले. हे चॅनल बंद करणारे विष त्रिनिदादच्या एका टॅरॅन्टुला कोळ्यात आधीच सापडले होते. २०१७ मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातल्या ग्लेन किंग यांच्या गटाला ऑस्ट्रेलियाच्या फ्रेझर बेटावरच्या नरसाळी जाळे विणणाऱ्या कोळ्यात त्याचे दुप्पट रूप मिळाले, तशीच दोन एकके जोडलेले. उंदरांना पक्षाघातानंतर तब्बल ८ तासांनी, तेही अत्यल्प मात्रेत, मेंदूच्या पोकळीत दिले तरी मृत भाग लक्षणीय घटला. शांत स्थितीत हे चॅनल फारसे उघडत नाही, म्हणून ते अडवल्याने निरोगी भागाचे नुकसान कमी, हा त्याचा मोठा गुण. उंदराच्या मेंदूत सुई घालता येते आणि माणसाच्या बाबतीत तो मार्ग सोपा नाही, ही अडचण मात्र खरी आहे.

हळू मरणाऱ्या पेशींबद्दल थोडक्यात. पार्किन्सनमध्ये डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जातात. जेम्स सर्माइयर यांनी २००७ मध्ये दाखवले की या पेशी ज्या कॅल्शियम चॅनलच्या आधारे स्वतःची लय राखतात, त्यांचाच भार त्यांना थकवतो. ते चॅनल अडवणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे इस्राडिपिन ३३६ रुग्णांच्या चाचणीत ३६ महिने देऊन पाहिले. २०२० मध्ये कळले की आजार मंदावला नाही. मेमँटिन मात्र टिकले. ते एनएमडीए ग्राहीत सैलसे बसते आणि चटकन निघते, त्यामुळे नेहमीचे काम चालू राहते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्याचा मर्यादित पण खरा उपयोग होतो. निमोडिपिनही टिकले. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या ५५४ रुग्णांच्या १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत त्याने पुढचा पक्षाघात सुमारे एकतृतीयांशाने घटवला आणि आजही ते २१ दिवस दिले जाते. टिकलेल्या या दोन्ही औषधांत मला एक साम्य दिसते: दोन्ही हळुवार काम करतात, आणि निमोडिपिन तर इजा होण्याआधीच शरीरात असते.

वेळेचा हा मुद्दा भारतात एका चाचणीने कठोरपणे समोर आणला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला ७२ तास थंड ठेवले की ग्लुटामेट कमी सुटतो आणि पेशींची ऊर्जेची गरज घटते. श्रीमंत देशांत त्याने बाळे वाचतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांच्या चाचणीत हाच उपचार तपासला, तर २०२१ च्या निकालात अपंगत्व घटले नाही आणि मृत्यू वाढले. इथल्या बऱ्याच बाळांची इजा प्रसूतीच्या आधीच सुरू झालेली असावी, असा एक अर्थ लावला जातो. चॅनल तेच असले तरी घड्याळ वेगळे चालते.

पक्षाघाताच्या उपचारात दरम्यान मोठा बदल झाला तो चेतापेशींच्या बाहेर. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे ४.५ तासांपर्यंत देता येते, आणि २०१५ पासून मोठी गुठळी नळी घालून ओढून काढण्याचा उपाय सिद्ध झाला. आता रक्त परत येते, आणि चेतापेशी वाचवणाऱ्या औषधाला रक्तासोबत जखमेपर्यंत पोहोचता येते. जुन्या चाचण्यांत बहुतेक वेळा वाटच तुंबलेली होती.

पण दोन्ही उपचारांआधी सीटी स्कॅन लागतो, कारण लकवा गुठळीने झाला की रक्तस्रावाने हे बाहेरून कळत नाही आणि रक्तस्रावात गुठळीचे औषध जीव घेईल. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम पाड्यावरच्या माणसाला सीटी यंत्रापर्यंत यायलाच कित्येक तास जातात. त्याच्यासाठी हवे ते औषध असे, की दोन्ही प्रकारच्या लकव्यात निर्धोक असेल, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा १०८ च्या गाडीत टोचता येईल आणि उपच्छायेतल्या पेशींना रुग्णालय येईपर्यंत कासवासारखे मंद ठेवील. आम्लाने उघडणारे चॅनल, सिनॅप्सबाहेरची जोडी आणि एटीपीवर चालणारे पोटॅशियम चॅनल हे त्यासाठीचे आजचे तीन सर्वांत ठोस धागे आहेत. त्यांच्या पुढच्या चाचण्या आखताना पहिला रुग्ण मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या दारातला न धरता वाटेत असलेला धरावा, असे मला आग्रहाने वाटते.